दोष रिंगचा की नाकाचा

माझ्या आईला मिठाचा वास येतो. म्हणजे यायचा. ही गोष्ट तिने कधी मिरवली नाही, पण कुणी शंका घेतलेली तिला खपायची नाही. गौरीच्या नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे चाखत नाहीत, कारण देवीच्या आधी आपण चाखलं की तो उष्टा होतो. त्यामुळे काळ्या वाटाण्याच्या आमटीत मीठ किती पडलं, घाटल्यात गूळ पुरेसा आहे का, अळूच्या भाजीत चिंच जास्त झाली का, हे सगळं तिने आयुष्यभर पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, वासावर ठरवलं. माझी बायको विज्ञानाची पदवीधर. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला तिने अगदी नम्रपणे सांगितलं होतं की मिठाला वास नसतो. आईने आमटी ढवळणं न थांबवता उत्तर दिलं, "मिठाला नसतो गं. मीठ पडलेल्या आमटीला असतो." त्या दिवशी पंगतीत कुणीही वरून मीठ मागितलं नाही. बायकोने तो विषय आईसमोर पुन्हा काढला नाही. माझ्यापाशी मात्र दर वर्षी काढते.

यंदा आषाढात आईला ताप आला. ताप चार-सहा दिवसांत उतरला, खोकलाही गेला, पण जाताना तो आईचं नाक घेऊन गेला. आम्हाला ते लगेच कळलंही नाही. एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती, आणि तिच्या हातभर अंतरावर दूध करपत होतं. मी बेडरूममधून वास घेत धावत आलो, तर ती शांतपणे काड्या बाजूला काढतेय. मी गॅस बंद केला तेव्हा तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकी घाबरलेली आई मी कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मीही घाबरलो.

त्यानंतर तिने स्वयंपाकघर सोडलं. रुसून नाही, कुणाला काही न बोलता. भाजी निवडून द्यायची, ती हॉलमध्ये बसून. नारळ खवायचा, तोही हॉलमध्ये. श्रावण लागला तसं तिने एकदा जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं की गौरीचं जेवण यंदा बाहेरून मागवा, खरवईत कुणी बाई चांगलं करते म्हणे. बायकोचा घास हातातच राहिला. आमच्या घरची गौर मी कळता झाल्यापासून आईच्या हातचं जेवते आहे. अंबरनाथला वडिलांच्या कंपनीच्या चाळीत असताना जेवते आहे, आणि आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतल्यावर इथेही. तिच्यापुढे डब्यातून आलेली आमटी ठेवायची ही कल्पनाच मला सहन होईना. पण आईचं म्हणणंही खोटं नव्हतं. चाखायचं नाही आणि वास येत नाही, तर मीठ घालायचं कशाच्या भरवशावर?

अंबरनाथच्या नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी एक उपाय सांगितला. चार उग्र वासाच्या गोष्टी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, मन लावून, तो वास कसा होता ते आठवत. नाकाला सवय लागली की वास परत येऊ शकतो. येईलच असं नाही, पण येऊ शकतो. आम्ही लवंग, लिंबाची साल, कापूर आणि कॉफी असे चार डबे केले. आई डायनिंग टेबलाशी ताठ बसायची, एकेक डबा नाकाशी धरायची आणि प्रत्येकाला स्वच्छ शब्दांत "नाही" म्हणायची. हजेरी घेतल्यासारखं वाटायचं, आणि चौघेही गैरहजर.

आता इथे माझा प्रवेश होतो, आणि तो काही फार निर्मळ हेतूने झालेला नाही. एस्प्रेसो मशीन घरी असावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि ऑफिसातला एक मित्र परदेशी जाताना त्याचं मशीन काढून टाकत होता. मी घरात मुद्दा मांडला की डब्यातली कॉफीची पावडर हवेने दगड झाली आहे, तिला कसला वास असणार. ताजी, गरम, दाबाने काढलेली कॉफी हवी, तिचा वास मेलेल्या माणसालाही येईल. बायको म्हणाली की डॉक्टरांनी कॉफी हुंगायला सांगितली आहे, कारखाना टाकायला नाही. पण आईच्या नाकाचा प्रश्न असल्यामुळे तिला फार ताणता आलं नाही. मशीन आलं. ते मिक्सरच्या जागी बसलं आणि मिक्सर फ्रीजच्या डोक्यावर गेला. तेव्हापासून आमच्याकडे चटणी करायची तर स्टुलावर चढावं लागतं, आणि चढताना बायको जे काही पुटपुटते ते मी ऐकलं नाही असं दाखवतो.

मशीन चार दिवस नीट चाललं आणि मग त्याला धाप लागली. पंप घरघरायचा, पाणी थेंबथेंब यायचं. मी मोबाईलवर बघून बघून निदान केलं की आत क्षार साचले आहेत. त्यात नवल नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये नळाचं पाणी कमी पडलं की सेक्रेटरी बोअरिंगचं पाणी त्याच टाकीत सोडतात, आणि बादल्यांना पांढरी कड चढते. जे बादलीचं होतं ते मशीनचं होणारच. मी वाण्याकडून लिंबूसत्व आणलं. ढोकळा करताय का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं, कारण खरं सांगायला वेळ लागला असता. लिंबूसत्वाचं पाणी टाकीत भरून मशीन चालू-बंद करत राहिलो तेव्हा आतून पांढरे कण पडू लागले, आणि मला कान साफ झाल्यासारखं हलकं वाटलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात येऊन बसली होती. दूध करपल्यापासून पहिल्यांदा. तिला आंबटाने भांडं स्वच्छ करणं ओळखीचं वाटलं. आमसुलाचं पाणीही चाललं असतं, असं तिने मला सांगितलं, देवाची समई तेवढ्यानेच निघते. मी म्हटलं आमसुलाचा रंग उतरेल. ती म्हणाली, तुझी कॉफी काय पांढरी असते? ती तिथे बसली आहे याचाच मला इतका आनंद झाला होता की हरायला काही वाटलं नाही.

मग तर ती रोजच येऊ लागली. मशीनला तिने "तुझा कुकर" असं नाव दिलं. नीट पाहिलं तर तिचं फार चुकत नव्हतं. पाणी तापतं, वाफ होते, दाब वाढतो, फुसफुस होते, आणि सगळं एका रबरी रिंगवर अवलंबून. कॉफी भरायचं दांड्याचं भांडं जिथे फिरवून घट्ट बसवतात तिथे ही रिंग असते. ती चोख असेल तर पाणी कॉफीतून खाली येतं, नाहीतर बाजूने गळतं. आमची गळू लागली. कप भरायच्या आधी ओटाच भरायचा.

आईने लगेच इलाज सांगितला. कुकरची रिंग सैल झाली की ती काय करते हे मला लहानपणापासून माहीत होतं: रिंग धुवायची आणि फ्रीजरमध्ये टाकायची. गारठली की आखडते, आणि दोन-तीन महिने बिनबोभाट शिट्ट्या होतात. हा उपाय आमच्या चाळीत प्रत्येक घरात होता, आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा शेजारच्या दोन घरांच्या रिंगाही आमच्याच फ्रीजरमध्ये मुक्कामाला असायच्या. मोबाईलवरच्या जगभरच्या कॉफीवाल्यांपैकी एकानेही हा उपाय सांगितला नव्हता. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की त्या बिचाऱ्यांना तो ठाऊक नाही.

मी रिंग उचकटून काढली आणि मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिली. सकाळी काढून बसवायला गेलो, अंगठ्याने जरा दाबली, आणि टक्क असा आवाज होऊन माझ्या दोन्ही हातांत अर्धी अर्धी रिंग आली. ती आधीच वाळून कडक झाली होती, थंडीने उरलीसुरली लवचिकताही गेली. बायको दारात उभी होती. ती मटार घेऊन गेली. आईने दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले आणि निकाल दिला की कुकरची कधी तुटली नाही, तुझ्या मशीनचाच माल हलका आहे.

नवी रिंग आणायला मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे एक दुकान आहे, कुकर, शेगड्या, मिक्सर, पाण्याचे पंप, सगळ्यांचे सुटे भाग मिळतात. दुकानदार सिंधी, साठीचे, सदा खुशीत असलेले गृहस्थ. मी दोन तुकडे काउंटरवर जोडून गोल करून दाखवला. त्यांनी विचारलं की कसल्या मशीनची आहे. आता दुकानात गर्दी होती, मागे एक बाई कुकरचं झाकण हातात घेऊन उभ्या होत्या, आणि एस्प्रेसो म्हणजे काय हे तिथे समजावून सांगायचा मला संकोच वाटला. मी म्हटलं, पाण्याचं मशीन आहे, गरम पाण्याचं. त्यांनी मान हलवली, मागून एक जाड काळी रबरी शीट काढली, तुकड्यांभोवती खडूने रेघ मारली आणि पात्याने सफाईने कापून रिंग माझ्या हातात दिली. मी जरा घुटमळत विचारलं की बरोबर बसेल ना. "साईं, रिंग का काम क्या है? पानी रोकना. ये रोकेगी," ते म्हणाले. आणि ते त्यांच्या शब्दाला जागले. त्या रिंगने पाण्याचा एक थेंब सोडला नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. कॉफी दाट यायची, वर तांबूस साय धरायची. पहिल्या कपाला काहीतरी वेगळी चव लागली होती, पण नवं काही असलं की लागतेच अशी, म्हणून मी तो पिऊन टाकला, आणि पुढे ती चव लागेनाशी झाली. सकाळ-संध्याकाळ एक कप मी आईसमोर धरायचो. ती लवंग, लिंबू, कापूर आणि शेवटी कॉफी हुंगायची. नाही, नाही, नाही, नाही. मग कप मी प्यायचो. गौरी जवळ येत होत्या. खरवईच्या बाईंना अजून पक्कं सांगितलं नव्हतं, आणि त्यांचा फोन मी दोनदा उचलला नव्हता.

आणि एका संध्याकाळी कप नाकाशी नेल्याबरोबर आईने मान झटकन मागे घेतली.

"रबर जळतंय," ती म्हणाली.

मी कप टेबलावर ठेवला की सांडला ते आठवत नाही. बायको आतून धावत आली. आईने पुन्हा हुंगलं, पुन्हा तोंड वाकडं केलं आणि पुन्हा तेच सांगितलं. वास आला होता. कसलाही का असेना, आला होता. मी त्याच भरात डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. हा शहाणपणा मी करायला नको होता. बाई म्हणाल्या की ही चांगली खूण असू शकते, पण थोडं जपून. वास परत येताना कधीकधी उलटसुलट येतात. आणि नेमकी कॉफी, ती तर बऱ्याच जणांना जळक्या रबरासारखी किंवा गटारासारखी येते. मग पुढे कांदा, लसूण, फोडणी, सगळंच घाण वाटू शकतं. काहींचं लवकर सुधारतं, काहींचं वर्ष वर्ष चालतं. वाट बघायची.

फोन बंद झाल्यावर आईने चारही डब्यांची झाकणं लावली. एकावर एक रचले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वास येत नव्हता ते बरं होतं. उद्या आमटीला रबराचा वास यायला लागला, तर मी मीठ कशावर ठरवू?"

तिने डबे देवघराखालच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवले आणि मला खरवईच्या बाईंना फोन करायला सांगितलं. मी केला. मला त्या बाईंचा, त्या डॉक्टरीणबाईंचा आणि स्वतःचा असा तिघांचाही राग आला होता, आणि त्यातल्या दोघींचा तर काहीच दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात आली नाही. स्टूल रिकामं होतं. मी कॉफी केली आणि कपात नाक घालून बसलो. मला कॉफीचाच वास येत होता. मी बायकोला बोलावलं. ती कॉफी पीत नाही, तिचा या व्यवहारात काही हितसंबंध नाही, म्हणून मी तिला पंच नेमलं. तिने हुंगून सांगितलं की नेहमीचाच वास आहे.

"नेहमीचा म्हणजे कसला?" मी विचारलं.

"रबराचा. मला वाटलं महाग कॉफी अशीच असते."

इतके दिवस का बोलली नाहीस, असं विचारल्यावर तिने फ्रीजवरच्या मिक्सरकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की मशीनविषयी बोललं की तुला ते टोमणे वाटतात. हेही खरंच होतं. मग मी तिची उलटतपासणी घेतली. हा वास मशीन आल्यापासून येतो की रिंग बदलल्यापासून? ते तिला सांगता येईना. ती काही रोज माझ्या कपाशी येऊन उभी राहत नव्हती. आणि आईने हे रबराचं म्हटल्यावर आता तिला तसं वाटतंय, असंही असू शकेल, हे तिने स्वतःच कबूल केलं. विज्ञानाची पदवी अशा वेळी फार त्रास देते.

म्हणजे प्रश्न असा होता. रबर एकतर मशीनमध्ये होतं, नाहीतर आईच्या नाकात. मशीनमध्ये असेल तर आईचं नाक घरातलं सगळ्यात चांगलं नाक होतं. नाकात असेल तर गौरीचं जेवण खरवईहून येणार होतं, आणि कदाचित पुढच्या वर्षीही. मी मशीनचे इतके बिघाड शोधले होते, पण बिघाड मशीनमध्येच निघू दे अशी प्रार्थना करत स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

मशीन थंड होऊ दिलं. खालची जाळी काढली, मग रिंगच्या कडेत पातं घालून ती खाली ओढली. ती सहज येईना. आली तेव्हा बोटांना चिकट काळं लागलं. आतली कड मऊ पडून भुगा सुटू लागला होता. मी ती एका वाटीत ठेवून वर उकळतं पाणी ओतलं, आणि वाफेबरोबर मला, चक्क मलासुद्धा, सायकलच्या दुकानात उभा असल्यासारखा वास आला. मी हे इतके दिवस पीत होतो. आणि तरी मनातून मी खूष होतो.

पण एवढ्याने भागत नव्हतं. वाटीत रबर होतं हे सिद्ध झालं. आईला रबर नसतानाही रबर येतं का, हे कुठे सिद्ध झालं होतं? म्हणून मी साध्या पातेल्यात कॉफी उकळली, मशीनला हातही न लावता, आणि तशाच दुसऱ्या वाटीत ओतली. दोन्ही वाट्या ताटात ठेवून हॉलमध्ये गेलो. आई घेवड्याच्या शेंगा सोलत होती. ताट बघून तिने मान फिरवली आणि नको म्हणाली. पुन्हा ते नको.

"तुझ्यासाठी नाहीये," मी म्हटलं. "मशीनसाठी. बिघाड कुठे आहे ते मला कळत नाहीये आणि आमच्या दोघांची नाकं कामाची नाहीत."

स्वतःसाठी तिने हुंगलं नसतं. पण कुणाचं काही अडलंय म्हटल्यावर तिला नाही म्हणता येत नाही, आणि हे माहीत असूनच मी तसं म्हटलं होतं. तिने पदराला हात पुसले, डोळे मिटले. मी पहिली वाटी धरली.

"रबर."

मी दुसरी धरली. तिने वाटी स्वतःच्या हातात घेतली आणि पातेल्यावर वाकावी तशी तिच्यावर वाकली. माझ्यामागे बायको येऊन उभी राहिली होती. आई एकदा मागे सरली, पुन्हा वाकली.

"हे रबर नाही," ती म्हणाली. "आहे काहीतरी. लांबून येतंय. कडूसर आहे."

तिने डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं. बायकोने सांगितलं की आई, पहिल्या वाटीत खरंच रबर आहे, मशीनची रिंग खराब होती, आणि दुसरीत नुसती कॉफी. आईने पहिल्या वाटीत बोट घालून ती काळी रिंग बाहेर काढली, नीट बघितली आणि माझ्यावर डाफरली की हे तू रोज पितोस? मग ती रडली. फार नाही. मीही थोडा रडलो, आणि शेंगा बायकोने सोलल्या.

रिंग घेऊन मी पुन्हा कॅम्प चारमध्ये गेलो. दुकानदारांनी ती नाकाशी धरली आणि सांगितलं की ही पंपाची शीट आहे, खाण्यापिण्याच्या वस्तूला लावतच नाहीत. मी म्हटलं तुम्हीच दिली. ते अजिबात न चिडता म्हणाले, "आपने बोला पानी की मशीन. कॉफी बोला क्या?" नव्हतो बोललो. या वेळी मी एस्प्रेसो काय असतं ते पूर्ण समजावलं, दाब, वाफ, बारीक दळण, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कप केवढा असतो ते हाताने करून दाखवायला लावलं, आणि माझी चिमूट पाहून त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चहा मागवला. मग मोठ्या कुकरांना लावतात ती पांढरी सिलिकॉनची शीट काढून त्यातून रिंग कापून दिली. आईने वासावर बिघाड ओळखला हे सांगितल्यावर म्हणाले की माताजींना एकदा दुकानात घेऊन या, आलेला सगळा माल त्यांच्याकडून तपासून घेतो.

पांढरी रिंग बसली. जरा जाड आहे, दांडा फिरवायला दोन हात लागतात, पण गळत नाही. पहिला कप मी फक्त हुंगण्यासाठी केला. डबे देवघराखालून परत आले होते. लवंगेला आई अजून नाही म्हणत होती, कापराला "असेल बहुतेक" इथपर्यंत आली होती. मी तिला हाक मारली आणि ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. शेजारी गॅसवर बायकोने आमटी टाकली होती. मी कप पुढे केला. आईने नाक पुढे केलं, थांबली, आणि कपावरून मान वळवून आमटीकडे पाहू लागली. मग दोन पावलं टाकून पातेल्यावर वाकली. डोळे मिटले.

"मीठ कमी आहे गं," ती म्हणाली.

रोजची आमटी होती, नैवेद्याची नव्हती, त्यामुळे चाखायला हरकत नव्हती. बायकोने पळीतून थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. आमटीत मीठ बरोबर होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मिठाला वास नसतो हे दर वर्षी मला ऐकवणारी माझी बायको बरणीकडे हात नेत म्हणाली, "हो आई. कमीच आहे." आणि तिने चमचाभर मीठ घातलं.

रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. बायको खाली मान घालून जेवत होती. आईने भातावर आमटी घेतली, कालवली, एक घास खाल्ला. जीभ तिची शाबूत होती, हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. तिने आणखी एक घास खाल्ला. मग सुनेकडे बघून म्हणाली, "खारट झालीये. आधी बरोबर होती ना?"

बायकोने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मिठाने आलं असं म्हणायला जागा होती.

मला वाटलं, आता पुन्हा डबे कप्प्यात जाणार. आईने ताटातला भात मागे सारला, पुन्हा पुढे ओढला.

"पण आमटी आहे हे वासावरून कळलं मला," ती म्हणाली. "अंदाज चुकला तेवढा. गौरीला अजून वेळ आहे. त्या खरवईच्या बाईंना नको म्हणून सांग. आणि उद्यापासून मला कॉफी नको हुंगायला देऊस, आमटी दे. एकदा मीठ घालून, एकदा न घालता."